वयनीची शिशाची माणसं

वयनी, तुझी मागीलदारची चूल काल मी मोडली. जांभ्याचे काळे पडलेले दगड कुंपणाच्या कडेला खड्डा करून पुरले. पळीही पुरली. तिच्या बुडाला शिशाचा पापुद्रा तसाच चिकटलेला होता. आई मागच्या दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "खोल पूर गो. कोंबडे उकरतले."

तुला जाऊन अजून महिना झाला नाही. लोक येतात, ओटीवर बसतात, तुझ्या हाताच्या सोलकढीबद्दल बोलतात. मी चहा देते आणि आत येते. मला तुझी आठवण येते हे खरं, पण त्याआधी मला तुझा राग येतो. तो आधी सांगून टाकते, म्हणजे बाकीचं बोलता येईल.

आपला जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी तू सावंतवाडीहून मिठबावला आमच्या घरी दादाची बायको, आईची शालू, होऊन आलीस. तुझ्या माहेरी लाकडी खेळणी रंगवायचं काम. रुखवतात तू स्वतः रंगवलेली फळं मांडली होतीस आणि शेजारच्या काकींनी त्यातलं सीताफळ फोडायला घेतलं होतं. हळद उतरते न उतरते तोच दादा जहाजावर गेला. परदेशी मालवाहू जहाजावरचा खलाशी तो. वर्षातून एकदा यायचा, तोही पाहुण्यासारखा. घरात राहिलो आपण तिघी. आई, तू आणि जामसंड्याच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवणारी मी. माझं लग्न जमत नव्हतं आणि त्याची काळजी माझ्यापेक्षा गावालाच जास्त होती. संध्याकाळी एसटीतून उतरून घरी यायचं म्हणजे तो विषय पुन्हा ऐकायचा, असं माझं चाललं होतं.

मग दादाच्या एका सुट्टीत तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा आला.

आठवतं? त्यानं तो पडवीत उपडा केला आणि बोटाएवढी शिशाची माणसं खळखळत जमिनीवर पडली. चिलखतातले सरदार, कुऱ्हाडवाला बुटका, हाडांचे सापळे, पंख असलेली घोरपड, डोक्यावर गोल काचेचा टोप घातलेले अवकाशातले शिपाई. सगळी राखाडी, बिनरंगाची. जहाजावरचे तरुण साहेब फावल्या वेळात टेबलावर त्यांची युद्धं खेळायचे. दादा म्हणाला, "एका साहेबाचा लगीन ठरला. म्हणता, बायल ह्या भुतांका घरात घेवची नाय. म्हणान माका दिल्यान."

तू कुऱ्हाडवाल्या बुटक्याला उचलून उजेडाकडे धरलंस. म्हणालीस, "आणि तुमच्या बायलेन घेतल्यान तर?"

दादा इतका हसला की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिनं ती माणसं पाहिली आणि "शिशाची भुतां" म्हणून परत गेली. पुढे कितीतरी दिवस तिनं त्यांना हात लावला नाही.

तू त्यांना अंग दिलंस. माहेराहून लाख आणलीस, रंग आणलेस, खारीच्या शेपटीचे केस बांधून कुंचला केलास. आधी सगळ्या अंगाला काळा हात, मग खोलगट जागा तशाच ठेवून उंचवट्यांवर उजळ रंग, आणि डोळे सगळ्यांत शेवटी. डोळे करताना तू श्वास धरायचीस आणि मी बोलले तर माझ्या मांडीवर चापट मारायचीस. घोरपडीचा रंग तुला सुचेना, तेव्हा तू मासेवाल्या सावित्रीच्या पाटीतला ताजा बांगडा घेतलास, तो सुकायच्या आत त्याच्या पाठीवरचा निळा-हिरवा पट्टा तिच्या पंखांवर उतरवलास आणि मगच तो बांगडा आमटीत गेला. आमटीला उशीर झाला म्हणून आई रागावली होती.

नुसतं रंगवून तुझं भागलं नाही. बुटक्याच्या हातातली कुऱ्हाड कापून तू त्याला टाचणीची काठी दिलीस, गरम लाखेची घोंगडी पांघरलीस आणि त्याचा आपल्या वेशीवरचा, गाव राखणारा देवचार केलास. अवकाशातल्या शिपायाची बंदूक काढून कमरेला कोयता लावलास. तो झाला माडावर चढणारा. एका चिलखतवाल्या सरदाराला तू नऊवारी नेसवलीस. मी विचारलं, ही कोण? "ही तू," म्हणालीस. "शाळेत पोरांका मारूक निघाल्ली."

डब्यातून निघालेली खेळाच्या नियमांची पुस्तिका इंग्रजीत होती. मी वाचायची, तू ऐकायचीस आणि जो नियम पटला नाही तो सरळ बदलायचीस. पडवीत आपण रांगोळीनं रणांगण आखायचो. तू माकूल माशाची पांढरी हाडं किनाऱ्यावरून गोळा करून आणायचीस. कोरायला साबणासारखी मऊ. त्यांचे तट, बुरूज, तोफांच्या खिडक्या असा अख्खा विजयदुर्ग तू उभा केलास. आणि मला हरवायचीस. दरवेळी हरवायचीस. "तुझे सैनिक शाळेतल्या पोरांसारखे रांगेत चलतत," म्हणायचीस, "म्हणान मरतत." मी मेलेला सैनिक उचलून डब्यात टाकायला गेले तर हात धरायचीस. "पडलो थयच रवांदे. उचललंस तर कोणाक कळतला तो खंय पडलो?"

वयनी, तेव्हा मी तुला सांगितलं नाही, पण त्या दोन वर्षांत मी एसटीच्या खिडकीत बसून लग्नाचा विचार केला नाही. घरी गेल्यावर तटाच्या कुठल्या बाजूनं यायचं याचा करायची. माझ्या आयुष्यात त्याआधी असं कोणी नव्हतं की ज्याच्याशी खेळायला धावत घरी जावं.

दोन फौजांना माणसं कमी पडायला लागली तेव्हा तू ओतायला शिकलीस. कोणी शिकवलं नाही तुला. माकुलाचं हाड मधोमध चिरायचं, दोन पाकळ्यांमध्ये एक माणूस दाबायचा, ठसा उमटला की वरून वाट कोरायची आणि वितळलेलं शिसं ओतायचं. सावित्रीच्या घरी फाटक्या जाळ्यांची शिशाची वजनं पडलेली असायची; ती मासे घेऊन आली की पदरात बांधून ती वजनंही आणायची. "काय करतंस गो ह्येंचा?" तिनं विचारलं. तू तिला होडीतला एक तांडेल करून दिलास, हुबेहूब तिच्या नवऱ्यासारखा पोट सुटलेला. सावित्री तो अजून देव्हाऱ्यात ठेवते.

शिसं ओतलं की हाड करपायचं, जळक्या केसांसारखा वास घरभर पसरायचा. पावसात तू चूल मागच्या पडवीत घ्यायचीस, झडप लावून. कुंचल्याला टोक यावं म्हणून तो ओठांत फिरवायचीस. तुझे वडील तसंच करायचे, म्हणालीस. शेंदूर, सफेदा, सगळे रंग तुझ्या ओठांवरून जायचे. आपल्यापैकी कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

दादानं पुढच्या सुट्टीत हे सगळं पाहिलं आणि तो पडवीत उकिडवा बसूनच राहिला. देवचाराला तळहातावर घेऊन म्हणाला, "साहेब लोकांकडे असो नाय हा." ती सुट्टी त्याची शेवटची ठरली.

तार शाळेत आली, माझ्या नावावर. जहाज वादळात सापडलं, संपर्क नाही. पुढे कंपनीच्या कचेरीतून कळलं की शोध थांबवला आहे. कोणाचंच प्रेत मिळालं नाही. कागदावर शब्द होता, बेपत्ता. मी तो आईला मालवणीत सांगायला गेले आणि मला शब्द सापडेना. "गावूक नाय," म्हणाले शेवटी, सापडला नाही एवढंच. आईनं भिंतीला पाठ टेकली ती दिवेलागणीपर्यंत तशीच होती. तू उठलीस, तुळशीत पाणी घातलंस आणि कपाळावरचं कुंकू पुन्हा नीट केलंस. त्या क्षणापासून आपलं भांडण सुरू झालं, नाही का? तेव्हा आपण एक शब्दही बोललो नव्हतो.

वर्ष उलटलं तसे आप्पाकाका, आमचे चुलते, घरी आले. प्रेत मिळालं नाही तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, तसं करून मोकळं व्हावं असं त्यांचं म्हणणं. आई मान खाली घालून ऐकत होती. मला वाटतं तिला ते हवंच होतं. कुठेतरी रडून संपवायचं होतं तिला. तू दाराआडून बाहेर आलीस.

"गवताचो?" म्हणालीस. "माझ्या घोवाक तुमी गवताचो करतलास?"

"शास्त्रात आसा गो सूनबाय."

"शास्त्राक सांगा, हय माणसां करूक येणारी बायल आसा. करूचो झालो तर मी करतलंय. आणि मी जाळूची नाय."

आप्पाकाका चहा न घेता गेले. तू त्याच संध्याकाळी चूल पेटवलीस.

त्यानंतर आपण एकही डाव खेळलो नाही. फौजा डब्यात गेल्या. तू फक्त दादा ओतायला लागलीस. साचा कोरायचीस, ओतायचीस, कानशीनं घासायचीस, रंगवायचीस, डोळे करायचीस, फळीवर ठेवून दोन दिवस बघायचीस. मग म्हणायचीस, "हो तो न्हय," आणि पुन्हा पळीत टाकायचीस. कधी खांदे चुकले, कधी उभं राहणं चुकलं. तो डाव्या पायावर भार देऊन उभा राहायचा, ते तुला जमेना. तुझ्या नखांत कायम राखाडी कीस असायचा. सावित्री वजनं आणून देताना तुझ्याकडे बघायची आणि माझ्याकडे बघायची.

मी तुला म्हटलं, "वयनी, दादा गेलो. मान आता."

"तुका खात्री आसा?"

"आसा."

"मगे दाखव माका. खंय आसा?"

शाळेत पोरांना व्याकरण शिकवणारी बाई मी. मी म्हटलं, समुद्र दाखवत नाही, म्हणून माणूस जिवंत राहत नाही. तू मला म्हणालीस, "तू खेळात पण लवकर हरतंस." त्याच्यानंतर आपण पंधरा दिवस कामापुरतं बोललो.

मग तुझं पोट दुखायला लागलं. आधी आईनं ओवा दिला, एरंडेल दिलं. तू पिवळी पडत गेलीस. पोटात पीळ पडला की चुलीपाशीच आडवी व्हायचीस आणि ओसरला की उठून पुन्हा कानस हातात घ्यायचीस. देवगडला डॉक्टरांकडे नेलं तेव्हा त्यांनी तुझ्या हिरड्यांवरची निळसर रेघ पाहिली आणि मला विचारलं, "ह्या घरी काम काय करतात?" मी सांगितलं. त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, शिसं अंगात भिनलंय, हे आजच बंद करा, आणि कोल्हापूरला मोठ्या दवाखान्यात न्या.

परतीच्या एसटीत तू खिडकीकडे बसलीस. मी म्हटलं, सोमवारी निघू. तू म्हणालीस, "हो एक पुरो होवंदे. मगे जावया."

तेव्हा मी ओरडले. भर एसटीत, लोकांसमोर. तू मरशील, म्हटलं, आणि एका शिशाच्या बाहुल्यापायी मरशील. कंडक्टर वळून बघायला लागला. तू माझा हात धरलास आणि अगदी हळू म्हणालीस, "माका त्याचो चेहरो आठवणा नाय, कुंदा. फोटोतलो आठवता. खरो आठवणा नाय."

हे तू मला त्याआधी सांगायला हवं होतंस. मला वाटत होतं तू दादा मेला नाही म्हणून हट्ट धरून बसली आहेस. तू तर त्याला रोज थोडा थोडा विसरत होतीस आणि त्या भीतीनं चूल पेटवत होतीस.

मी पळी लपवली. तू नारळाच्या करवंटीला तार गुंडाळून ओतायचा प्रयत्न केलास, ती पेटली. तेव्हा आईनंच माझ्या ट्रंकेतून पळी काढून तुला दिली. मी आईवर चिडले. आई म्हणाली, "दुखता तिका. दुखताना हातात कायतरी होया."

मग तुझा उजवा हात मनगटातून लुळा पडला. उचलताच येईना, पंजा खाली लोंबायचा. तुझा तो हात, बांगड्याच्या पाठीवरचा रंग उचलणारा. मला वाटलं, आता तरी थांबेल. एका दुपारी शाळा लवकर सुटली म्हणून मी घरी आले आणि पडवीच्या दारात थांबले. तू भिंतीला टेकून बसली होतीस. आई तुझ्यासमोर बसली होती आणि तिनं आपल्या तळहातावर तुझं मनगट तोलून धरलं होतं. तुझ्या बोटांत कुंचला होता. फळीवर दादा उभा होता, डोळ्यांशिवाय.

आई सांगत होती, "डावी भुवय वायच तुटकी काढ. लहानपणी रांजणार पडल्लो."

"अशी?"

"आणखी वर. हां. डोळे मोठे नाय हां त्याचे. हसलो की मिटतत."

ज्या बाईनं कधी त्या भुतांना हात लावला नव्हता, ती आपल्या मुलाचे डोळे तुझ्या हातातून काढत होती. मी तिथून मागे सरले. विहिरीवर जाऊन बसले आणि तिथेच रडले, दादासाठी पहिल्यांदा.

मी परत आले तोवर डोळे झाले. आईनं बघितलं आणि तोंडाला पदर लावला. "होच गो," म्हणाली. "होच माझो वसंत."

तू खूप वेळ बघत राहिलीस. मी तेव्हा दारात होते, तुझा चेहरा मला दिसत होता. दादा खरंच होता तो. डाव्या पायावर भार दिलेला, भुवई तुटकी, आता काहीतरी थट्टा करणार असा. आणि तू म्हणालीस, "नाय. हो मेल्लो दिसता."

आईकडून तू तो पळीत टाकून घेतलास. तिनं टाकला. तिनं कसा टाकला हे मला आजही कळत नाही.

त्यानंतर तू काही केलं नाहीस. चूल पेटवली नाहीस, कुंचला मागितला नाहीस. मी म्हटलं आता कोल्हापूरला जाऊ, तू मान हलवलीस. पण त्याच आठवड्यात एका सकाळी तुला झटके आले. जीप मिळाली. कणकवलीच्या वाटेवर तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. तुझे डोळे उघडे होते, पण तू मला ओळखत नव्हतीस. मी काहीबाही बोलत होते. शाळेचं, सावित्रीचं, आंब्याच्या मोहोराचं. खरं बोलायचं ते बोलले नाही. की वयनी, मला घरी धावत यावंसं वाटायचं. वाटलं, दवाखान्यात पोचलो की बोलेन. जीप पोचली तेव्हा तू नव्हतीस.

तुला घरापुढच्या खळ्यात आणून ठेवलं आणि बायका जमल्या. आणि मग सगळ्या थांबल्या. कोणाच्या हातात हिरवं लुगडं होतं, कोणाच्या हातात पांढरं. ओटी भरायची की नाही? तुला सवाष्ण म्हणून न्यायची की विधवा म्हणून? आप्पाकाका म्हणाले, "वसंत गेल्लो ह्या सगळ्यांका ठावक आसा. मगे सवाष्ण म्हणान कशी न्हेतलास?" कुजबुज झाली. एक बाई तुझ्या कपाळाकडे ओला फडका घेऊन वाकलीसुद्धा.

आई आतून आली. तिच्या हातात तुझा कुंकवाचा करंडा होता. वयनी, माझे बाबा गेले तेव्हा मी पाळण्यात होते. आईच्या बोटाला कुंकू लागलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. ती तुझ्याजवळ बसली, त्या बाईचा हात बाजूला केला, करंड्यात बोट बुडवलं आणि तुझ्या कपाळावर ठसठशीत कुंकू लावलं. बायका मागे सरकल्या. कोणीतरी म्हणालं, "अगो, तू कशी लावतंस?"

"तिना माझ्या झिलाक जितो ठेवल्यान," आई म्हणाली. "तिका मी रांड करून धाडू?"

मग तिनं तुझी ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण. तुला हिरव्या लुगड्यात नेलं.

काल संध्याकाळी आप्पाकाका पुन्हा आले. वाईट माणूस नाहीत ते, तुलाही माहीत आहे. म्हणाले, आता तरी वसंताचा दर्भाचा पुतळा करून टाकूया, दोघांची गती एकदम होईल, अडवायला आता कोणी नाही. आई म्हणाली, "शालून 'हो' म्हटल्यान?"

"ती गेली गो वहिनी."

"गेली म्हणान तिचा 'नाय' ता 'हो' होयत?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. घरात शिकलेली मी, दादा बुडाला असं सगळ्यांत आधी म्हणणारी मी. आणि वयनी, मी अजूनही तेच म्हणते. तुझं मला पटलेलं नाही. तुझ्या हट्टानं तुला नेलं, आणि दादा समुद्रात आहे, आणि तू समोर असतीस तर मी हे आत्ता पुन्हा तोंडावर म्हटलं असतं आणि तू मला उत्तर दिलं असतंस.

मी आप्पाकाकांना सांगितलं, गवत आणू नका.

ते भांडण तुझं नि माझं आहे. ते मिटवायला मी तिसऱ्या कोणाला येऊ देणार नाही.